कुलूप काढल्यावर

वाईला कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मठ आहे. रस्त्यावरून ओटा आणि दिंडी दरवाजा तेवढा दिसतो. आत गेलं की फरसबंद चौक, मधे तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंनी सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या पडव्या, वर माडी, आणि पश्चिमेला सागवानी खांबांचा सभामंडप. त्याच्या टोकाला गाभारा. राम, सीता, लक्ष्मण आणि पुढ्यात हात जोडलेला मारुती. शेजारच्या लहानशा खोलीत मठाच्या मूळ स्वामींची समाधी. या मठात आता रोज सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पन्नासेक मुलंमुली अभ्यास करत बसलेली असतात. हे कसं घडलं, कुठे चुकलं, कुणाशी वाद झाले, पैसा कुठून आला, ते एकदा सविस्तर लिहायचं होतं. अशा बंद वास्तू गावोगाव आहेत, आणि त्यांच्या विश्वस्तांचे मला अधूनमधून फोन येतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगून होत नाही.

मी लहान असताना मठ कधी रिकामा पाहिला नाही. चातुर्मासात प्रवचनं, चैत्रात रामनवमीचा उत्सव, आणि बारा वर्षांनी येणारं कन्यागत. गुरू कन्या राशीत आला की कृष्णेच्या स्नानाला वाईत माणसांचा पूर लोटतो. १९८० च्या कन्यागतात मी चौदा वर्षांची होते. तिन्ही सोप्यांत सतरंज्या टाकून माणसं झोपलेली, चौकात चुली, आजी पितळेच्या पातेल्यातून आमटी वाढतेय, असं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. २०१६ च्या कन्यागतात मात्र जेमतेम दहा-बारा जण उतरले. लोक लॉजवर राहू लागले होते, सकाळी गाडीने येऊन संध्याकाळी परत जाऊ लागले होते. त्यात नवल काही नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पुजारीकाका मुलाकडे राहायला गेले, आणि दिंडी दरवाज्याला कुलूप लागलं. टाळेबंदी उठली तरी ते कुलूप निघालं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर २०२१ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्याहून वाईला गेले. किल्ली चुलतभावाकडे होती. दाराशी गेलो तर उंबऱ्यावर उजव्या बाजूला तेलाचा काळा गोल डाग दिसला, बशीएवढा. समोरच्या घरातल्या वहिनी दीड वर्ष रोज संध्याकाळी तिथे पणती ठेवत होत्या. आत जाता येत नाही म्हणून उंबऱ्यावर. मला तो डाग पाहून भरून आलं. आम्ही विश्वस्त म्हणवणारे पुण्या-मुंबईत बसलो होतो, आणि देवाला दिवा लावत होत्या त्या वहिनी, ज्यांचं नाव मठाच्या कुठल्याच कागदावर नाही.

आत वटवाघळांचा उग्र दर्प. वृंदावनाच्या भेगेतून पिंपळ वर आलेला. सभामंडपाच्या भिंतींचे पोपडे सुटून खाली ढीग झालेला. उत्तरेकडच्या दुसऱ्या खांबाला मी बुडाशी बोट लावलं तर बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं. वरून तो खांब अगदी धडधाकट दिसत होता. कमळाच्या पाकळ्यांचं कोरीवकाम जसंच्या तसं, आणि पायाशी नुसता भुगा. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, ही काही दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही."

दिवाळीत घरातले सगळे जमले तेव्हा मठाचं काय करायचं यावर बैठक झाली. सूचनांना तोटा नव्हता. एकाने मंगल कार्यालय सुचवलं. पुतण्याचं म्हणणं, पाचगणी-महाबळेश्वरचे पर्यटक याच रस्त्याने जातात, तर सोप्यांच्या खोल्या करून होमस्टे काढावा. वाईत चित्रीकरणं बारमाही चालतात, त्यामुळे शूटिंगला भाड्याने द्यावा हेही आलं, आणि त्यात पैसा खरोखर आहे. आत्याचं म्हणणं होतं, मूर्ती घरी आणाव्यात आणि जागा विकून टाकावी. थोरल्या काकांचं एकच वाक्य: "मठ आहे तो मठच राहील." पण राहील म्हणजे कसा, पूजा कोण करणार, छप्पर कोण शाकारणार, यावर ते गप्प.

मी त्या दिवशी काहीच सुचवलं नाही. मला आधी कागद बघायचे होते. बँकेतली सवय. आणि आज कुणी विचारलं तर मी पहिली हीच गोष्ट सांगते: नवा वापर शोधायला निघण्याआधी जुना वापर नेमका काय होता ते कागदावरून आणि माणसांकडून नीट काढा. आपल्याला वाटतं तेवढं आपल्याला माहीत नसतं.

आमच्या मठाची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झालेली आहे, १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. त्या नोंदणीचा परिशिष्ट एकचा उतारा मी काढला. विश्वस्तांच्या नावांत सात नावं, त्यातली पाच माणसं देवाघरी गेलेली. माझे वडील त्यांत होते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करायचा असतो. आमच्याकडून तो वीसेक वर्षांत एकदाही गेला नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या मठासाठी सही करायला धड माणूसच शिल्लक नव्हता. खांब कुजला तो दिसला, पण हे कुजणं आतलं होतं, आणि त्याचा दोष सर्वस्वी आमच्या घराण्याकडे जातो. मृत्यूचे दाखले, वारसांची संमतीपत्रं, सभेचे ठराव, उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज, असं सगळं जमवून २०२१ च्या डिसेंबरात अहवाल दाखल केला. मंजूर व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. ते वर्ष वाया गेलं असं मी मानत नाही, कारण त्याच काळात बाकीचं सगळं उलगडत गेलं.

त्या उताऱ्यात 'उद्देश' नावाचा रकाना आहे. त्यात लिहिलं होतं: श्रींची पूजाअर्चा व उत्सव, आणि यात्रेकरू व विद्यार्थी यांच्या राहण्याची सोय. 'विद्यार्थी' हा शब्द मी तीनदा वाचला. आमच्या घरात यात्रेकरूंच्या आठवणी भरपूर, पण विद्यार्थ्यांची आठवण कुणालाच नव्हती. मग आत्याच्या माळ्यावरचं दप्तर खाली काढलं. मोडी वाचणाऱ्या एका शिक्षकांनी दोन महिने बसून त्यातले कागद लावून दिले. त्यात तेल, तूप, तांदळाचे जमाखर्च होते, आणि मधेमधे मठात राहून माधुकरी मागणाऱ्या, पाठशाळेत जाणाऱ्या मुलांच्या नोंदी. कुणाला धोतरजोडी दिली, कुणाला पोथी. एका मुलाला हिवताप झाला म्हणून काढ्याचा खर्च.

वाईला हे शोभणारंच आहे. दक्षिण काशी म्हणतात ते नुसत्या घाटांमुळे नाही. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञ पाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन मराठेशास्त्र्यांकडे शिकायला वाईला आले, तेव्हा त्यांनी विद्यार्थी मंडळ काढून वाचनालय सुरू केलं होतं. त्याला पैसा उभा राहावा म्हणून मुलं लोकांचं दळण दळून द्यायची. जात्यावर दळून वाचनालय! हे वाचलं त्या रात्री माझा निर्णय झाला. गावात स्पर्धा परीक्षा देणारी मुलं किती आहेत ते मला ठाऊक होतं. एका खोलीत चार माणसं राहणारी घरं, शेजारी टीव्ही, अभ्यासाला जागा नाही. कुणी एसटी स्टँडच्या बाकावर बसतं, कुणी घाटाच्या पायरीवर, उजेड असेतो. मठाने अभ्यासिका व्हायचं.

दप्तरातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. मोडी कागदात नुसतं 'विद्यार्थी' नव्हतं, 'ब्राह्मण विद्यार्थी' होतं. नोंदणीच्या वेळी कुणीतरी तो पहिला शब्द गाळला होता. कुणी गाळला ते कळायला मार्ग नाही, पण ज्याने गाळला त्याचे माझ्यावर उपकार आहेत. थोरल्या काकांनी मात्र तो मोडी कागद धरून ठेवला. म्हणाले, "बाळ, मूळ पुरुषांची इच्छा ती ही. आपण मोडायची का?"

काकांचं वय तेव्हा ब्याऐंशी. मी त्यांच्याशी कधी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "काका, पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. मठाने तेव्हा त्यांना जागा दिली. आपल्या मठाने पंचाहत्तर वर्षांनी दार लावून घ्यायचं का?" गाडगेबाबांचीही गोष्ट सांगितली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, आणि वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा मुलांच्या शिक्षणासाठी वापरात आली. धर्मशाळेला यापेक्षा चांगला नवा वापर मला तरी माहीत नाही. देवस्थानात प्रवेशाला जातीवरून आडकाठी करता येत नाही हा १९५६ चा कायदाही आहेच, तो वकिलांनी काकांना समजावून सांगितला. पण काका कायद्याने वळले नाहीत. आठवडाभराने त्यांचा फोन आला. म्हणाले, "त्या हिवतापाच्या पोराची नोंद पुन्हा वाचली. स्वामींनी त्याला जगवलं ते पोर म्हणून. सगळ्यांना येऊ दे." ठरावावर पहिली सही त्यांनीच केली. उद्घाटनाला मात्र ते राहिले नाहीत. त्या उन्हाळ्यात गेले.

उद्देशात विद्यार्थी असल्यामुळे कायद्याचं काम सोपं झालं. उद्देशच बदलायचा असता तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५० अ खाली नवी योजना करून घ्यावी लागली असती, आणि त्याला वर्षं लागतात. एका क्लासवाल्यांचा प्रस्तावही आला होता. नऊ वर्षांचा भाडेकरार, दुरुस्ती ते करणार, वर महिन्याला भाडं. तीन वर्षांहून जास्त मुदतीने इमारत भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगी कदाचित मिळालीही असती. पण मला ते नको होतं. एकदा किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की उत्सव कधी करायचा ते त्यांना विचारावं लागणार, आणि फी ते ठरवणार. आपणच चालवायची असं ठरलं.

देवाचं काय, हा प्रश्न घरातल्यांना सारखा पडत होता. त्या काळात मी गोव्याला गेले होते. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटचं चर्च आहे, सतराव्या शतकातलं. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये या चर्चमध्ये आलं. मूळच्या जोगिणी कधीच्या गेल्या, पण वास्तू जिवंत आहे. मला तिथे जे महत्त्वाचं वाटलं ते असं, की लगतच्या चॅपेलमध्ये क्रूसापुढे प्रार्थना अजून होते. एका भिंतीपलीकडे तिकीट काढून आलेली माणसं, अलीकडे गुडघे टेकलेली माणसं, आणि दोघांचा एकमेकांना त्रास नाही. मी घरी येऊन सांगितलं, आपले राम कुठेही जाणार नाहीत. गाभारा आणि समाधी देवाची, सभामंडप आणि सोपे मुलांचे. रोजची पूजा चालू राहणार. त्याने आत्याचं समाधान झालं.

आता दुरुस्ती. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण चांगल्या हेतूने सर्वांत जास्त नासधूस इथेच होते.

मठाच्या भिंती खाली दगडाच्या, वर मातीत बांधलेल्या विटांच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. २००९ मध्ये त्या वेळच्या विश्वस्तांनी, त्यात माझे वडीलही होते, एका ठेकेदाराकडून आतून सगळीकडे सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि मातीची जमीन काढून सिमेंटचा कोबा घातला. स्वच्छ दिसावं हाच हेतू. पण घाटाजवळची जागा, धोम धरणाचं पाणी सोडलं की नदी पायऱ्या चढून येते, जमिनीत ओल बारमाही. पूर्वी ती ओल चुन्याच्या गिलाव्यातून, सारवलेल्या जमिनीतून उडून जायची. सिमेंटने वाट बंद केली. ओल भिंतीत वर चढत गेली, खार फुटला, पोपडे सुटले. कोब्याखालचं पाणी निघायला जागा शोधू लागलं आणि ते खांबांच्या बुडात शिरलं. दगडी तळखड्यावर उभे असलेले खांब, कोबा वर उचलल्यामुळे चार बोटं सिमेंटमध्ये गाडले गेले होते. मग वाळवीला आमंत्रणच. इतकी वर्षं टिकलेला साग बारा वर्षांत बुडाशी संपला.

पुण्याच्या एका वास्तुसंवर्धक बाईंनी कामाचा आराखडा दिला, आणि भोरकडचे एक वयस्क गवंडी मिळाले. ते आयुष्यभर चुन्यात काम केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीला कान लावून बोटाने टकटक केलं, पोकळ कुठे वाजतं ते खडूने आखलं. २०२२ च्या जानेवारीत सिमेंट टाकून काढलं. मला वाटलं, लगेच चुना लावू. ते म्हणाले, "ताई, घाई चालायची नाही. भिंत बारा वर्षं पाणी प्यालीय. तिला आधी ओकू द्या." दिवाळीपर्यंत भिंती उघड्या ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी कुंच्याने खार झाडायचा, गोळा करायचा, टाकायचा. मी ते काम स्वतः केलं. पांढरं, हलकं, कापसासारखं मीठ. पहिल्या महिन्यात घमेलंभर निघालं, ऑक्टोबरात मूठभर.

कळीचा चुना परसात खड्डा करून मुरत घातला होता. त्यात वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी आणि बेलफळाचा गर. चुना दळायची घाणी कुठे मिळेना, शेवटी एका देवळाच्या कामावरची दगडी चाकाची घाणी महिन्याच्या भाड्याने आणली, ट्रॅक्टर जोडून फिरवली. चुना तयार झाला की नाही हे गवंडीबाबा थापीवर घेऊन थापी उलटी धरून बघायचे. चिकटून राहिला तर झाला, घरंगळला तर अजून दळायचा. काम मात्र लांबत गेलं आणि सभामंडपाची शेवटची भिंत मे महिन्यात आली. रखरखीत ऊन, ओली गोणपाटं टाकून भिंत गार ठेवायला हवी होती. दोन दिवस पाण्याचा टँकर आला नाही, आणि अख्ख्या भिंतीला केसासारख्या चिरा पडल्या. ती सगळी खरवडून पुन्हा करावी लागली. चुन्याचं काम दिवाळी ते होळी, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं.

खांबांपैकी तीन बुडाशी गेले होते. संवर्धक बाईंनी अख्खे खांब बदलू दिले नाहीत. वरच्या तुळया जॅकवर तोलून धरल्या, आणि खांबाचा कुजलेला दीड-दोन फूट भाग कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला. जुने वाडे पाडल्यावर निघालेलं लाकूड विकत मिळतं, तेच आणलं. नवा साग इतका मुरलेला नसतो. सुताराने सांधा आधी चार वेळा कोरडा लावून पाहिला. शेवटी लाकडी खुंट्या ठोकून बसवला तेव्हा त्याने त्यावर हात फिरवून माझा हात धरून तिथे ठेवला. डोळे मिटले तर सांधा कुठे आहे ते बोटांना लागत नव्हतं. कोबा फोडून शहाबादी फरशी चुन्यात बसवली, तळखडे पुन्हा मोकळे झाले. वायरी भिंत फोडून आत घातल्या नाहीत, लाकडी पट्ट्यांतून वरून नेल्या. स्वच्छतागृहं परसदारी वेगळी बांधली, जुन्या भिंतीला न टेकता. मुलींसाठीच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, दिवा आणि पाणी नीट असल्याशिवाय अभ्यासिका उघडायची नाही हा माझा हट्ट होता.

गाभाऱ्याच्या छपराखाली काम करायचं होतं तेव्हा गुरुजींनी कलाकर्षण केलं. मूर्तींतलं देवत्व मंत्रांनी पाण्याच्या कलशात घेतात आणि काम होईपर्यंत पूजा कलशाची होते. कलश समाधीच्या खोलीत होता चाळीस दिवस. सुतार, गवंडी, बिगारी, सगळे सकाळी कामाला लागण्याआधी त्या खोलीच्या दाराशी वाकून जायचे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नंतर पुनःप्रतिष्ठा झाली तेव्हा पहिली आरती समोरच्या वहिनींच्या हातून केली.

खर्च सगळा मिळून सव्वीस लाख झाला. चौदा लाख घराण्यातून, सहा लाख गावातून, बाकीचे मी माझ्या निवृत्तीच्या पैशांतून घातले. न्यास धार्मिक असल्यामुळे देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी ८० जी ची पावती देता येत नव्हती, त्यामुळे मोठे देणगीदार मिळाले नाहीत. गावातले सहा लाख पाचशे-हजारांनी आले आहेत. एका भाजीवाल्या मावशींनी अकराशे दिले आणि म्हणाल्या, "माझी नात बसंल का तिथं?" ती बसते.

२०२३ च्या दसऱ्याला, सरस्वतीपूजनाच्या दिवशी, अभ्यासिका सुरू झाली. फी महिन्याला तीनशे, ज्याला जमत नाही त्याला माफ, आणि माफी कुणाला आहे ते फक्त मला आणि चुलतभावाला माहीत. मी आधी बैठी मेजं करून घेतली होती, मठात खाली बसणंच बरं म्हणून. महिन्याभरात मुलं म्हणाली, "काकू, आठ-दहा तास मांडी घालून पाय मरतात." बरोबरच होतं. सोप्यांत टेबलखुर्च्या आणल्या. फरशीवर त्या सरकवल्या की कर्र आवाज व्हायचा, मग पायांना रबर लावलं. बैठी मेजं सभामंडपात चार-पाच ठेवली आहेत, ज्याला आवडतं तो बसतो.

आरतीचा प्रश्न आला तोही सांगते. संध्याकाळी सातला आरती, घंटा, झांजा. मुलांना त्रास व्हायचा, पण बोलेना कुणी. एका मुलीने धीर करून चिठ्ठी लिहून ठेवली. पुजारीकाका परत आले होते, त्यांच्यासमोर चिठ्ठी वाचली. ते म्हणाले, सातला वीस मिनिटं मुलांनी बाहेर ओट्यावर चहा प्यावा, नाही तर आरतीला उभं राहावं, ज्याची त्याची खुशी. सकाळची काकडआरती मात्र ते झांजांशिवाय करतात, नुसती तोंडाने, हळू. ती ऐकायला मला फार आवडते. रामनवमीच्या नऊ दिवसांत सभामंडप उत्सवाला लागतो, तेव्हा मुलं माडीवर बसतात. २०२४ च्या पहिल्या रामनवमीला गर्दी झाली आणि काहींची नेमकी परीक्षा होती. त्यांच्यासाठी शेजारच्या दोन घरांनी आपल्या खोल्या दिल्या. पाळणा हलला तेव्हा बाकीची मुलं सुंठवडा वाटत होती.

पहिल्या वर्षात तिघं लागली. एक तलाठी, दोन पोलिसांत. निवड झाल्याचं कळलं की मुलं आधी गाभाऱ्यापुढे येतात आणि मग समाधीच्या खोलीत जातात. तिथे कोनाड्यात आम्ही त्या मोडी कागदाची, हिवतापाच्या मुलाच्या नोंदीची, प्रत चौकटीत लावली आहे, खाली देवनागरीत. ती चौकट काकांनी सांगून ठेवली होती.

नियमावलीत शेवटचं कलम असं आहे: कन्यागताच्या पर्वकाळात सोपे यात्रेकरूंसाठी मोकळे केले जातील. पुढचं कन्यागत २०२८ मध्ये. नवीन मुलं आली की हे कलम मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवते, नंतर कुरकूर नको. परवा भाजीवाल्या मावशींची नात ते ऐकून म्हणाली, "तोवर मी नोकरीला असेन काकू. पण सुट्टी काढून वाढायला येईन. पंगतीला माणसं लागतीलच ना?"

समाधीच्या खोलीची मागची भिंत पैशाअभावी सिमेंटचीच राहिली होती. गेल्या जानेवारीत सिमेंट काढलं. दर पंधरा दिवसांनी खार झाडते आहे, अजून निम्मं घमेलं निघतं. परसातल्या खड्ड्यात चुना मुरत घातला आहे. दिवाळीनंतर गवंडीबाबा येतील.